सवाईनं परत

नोटीस बोर्डावर ‘मराठी विभागासाठी साहित्य द्या’ अशी नोटीस लागली तेव्हा मी ती वाचली आणि सरळ मेसकडे निघून गेले. मी पडले कॉन्व्हेंटची! शाळेत मराठी हा आमचा तिसरा विषय, तोही पास होण्यापुरता. वर्गात मराठीतून बोललं की पाच रुपये दंड. त्या दंडाच्या पैशांतून वर्षाच्या शेवटी वर्गासाठी केक यायचा आणि त्यातला निदान अर्धा केक माझ्या एकटीच्या पैशांचा असायचा. म्हणजे बोलायला मराठी भरपूर, पण लिहायची वेळ आली की हात अडखळतो. तेव्हा मित्र-मैत्रिणींनो, ऱ्हस्व-दीर्घाचं काही चुकलं तर पदरात घ्या.

तरीही लिहायला बसले, कारण जूनच्या सुट्टीत एक गोष्ट घडली. प्रश्न तसा अगदी आपल्या हॉस्टेलमधला आहे : घरच्या इंटरनेटवर टोरेंटला स्पीड का मिळत नाही? (‘टोरेंट’ हा शब्द वाचून ज्या सरांच्या भुवया वर गेल्या असतील त्यांना नम्रपणे सांगते की पुढे पिक्चरचा एकही उल्लेख नाही.)

आमचं मूळ गाव डोळखांब. कसारा लोकल पकडून आसनगावला उतरायचं, तिथून रिक्षाने शहापूर आणि शहापूरहून एसटी. समोर सह्याद्रीची भिंत आणि त्यात आजोबा नावाचा डोंगर. लहानपणी मला वाटायचं की त्या डोंगराचं नाव माझ्या आजोबांवरून ठेवलंय. आजोबा आणि काका-काकू गावीच असतात, भाताची शेती आहे आणि काका जवळच्याच एका शाळेत शिक्षक आहेत. आम्ही कल्याणचे. वर्षातून दोनदा जायचं, तांदूळ, आंबे, काकूंनी केलेले पापड घेऊन यायचं, एवढाच आमचा गावाशी संबंध.

या वेळी काकांनी पोहोचल्या पोहोचल्या पकडलं.

“इंजिनीअर होतेयस ना? मग आमच्या शाळेतले कॉम्प्युटर चालू करून दे.”

शाळेत आठ कॉम्प्युटर होते. सगळे विंडोज सेव्हनच्या काळातले, आणि विंडोज सेव्हनचा सपोर्ट तर जानेवारी २०२० मध्येच बंद झाला. मशीन चालू होईपर्यंत पोरांचा तास संपायचा. शाळेत इंटरनेट नाही. मी ऐटीत सांगितलं, “त्यात काय! लिनक्स मिंट टाकू, हलकंवालं. आणि नेट नाही तर किविक्सवरून अख्खा मराठी विकिपीडिया डाऊनलोड करून देते. नेटशिवाय उघडतो.” शाळा दोन दिवसांनी सुरू होणार होती. काकांनी हेडमास्तरांना त्याच संध्याकाळी फोन करून शब्द दिला. झालं! आता माझी इज्जत पणाला.

घरी केबलवाल्याचं फायबर कनेक्शन आहे, ३० एमबीपीएस. मिंटची फाइल साधारण तीन जीबीची. मी टोरेंट लावलं, चहा प्यायले, येऊन बघते तर स्पीड १२० केबी! सात तास बाकी. आणि जूनमधलं डोळखांब, म्हणजे सात तास लाईट राहील याची खात्री महावितरणलासुद्धा देता येणार नाही. आभाळाचं काय सांगावं!

पहिलं कारण शोधायला गेले तर ते माझ्याच डोक्यात निघालं. ३० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ३० मेगाबिट, मेगाबाईट नव्हे. आठ बिटांचा एक बाईट, म्हणजे ३० भागिले ८, जास्तीत जास्त पावणेचार एमबी. कंपन्या जाहिरात बिटांत करतात आणि आपला डाऊनलोडर बाईटमध्ये दाखवतो. अर्धी भांडणं इथेच मिटतात. माझं मिटलं नाही, कारण पावणेचार एमबी कुठे आणि १२० केबी कुठे!

मामाला फोन लावला. मामा कल्याणचा, त्याचं कॉलेज २००५ च्या सुमाराचं. बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड त्याच वर्षी आलं. तो आधी पोट धरून हसला.

“१२० केबी? अगं आम्ही २५६ केबीपीएसवर दिवस काढलेत. म्हणजे सेकंदाला ३२ केबी! रात्री दोन ते आठ फुकट असायचं, म्हणून दोनचा गजर लावून उठायचो.”

मी हिशेब केला. ७०० एमबीची एक सीडी ३२ केबीने उतरवायला सहा तास तेरा मिनिटं लागतात. फुकटची वेळ सहा तास. म्हणजे तेरा मिनिटांसाठी मामाची एक सीडी दोन रात्री खायची! पण मामाने एक उपयोगाचं सांगितलं : “एका वेळी एकच गोष्ट बदलून बघ. आम्ही सगळी सेटिंग एकदम बदलायचो आणि मग कशाने काय झालं ते कळायचंच नाही.” आपल्या लॅबमध्ये सरसुद्धा हेच ओरडून सांगतात. फोनवर ऐकलं आणि पटलं.

म्हणून वही काढली आणि प्रयोग सुरू केले.

प्रयोग पहिला, वायफाय. आमचं घर जुनं. दीड-दीड फुटाच्या दगडमातीच्या भिंती. राऊटर माजघरात, आणि तोही कुठे? धान्याच्या पत्र्याच्या कोठीमागे! “तिथं पोरांचा हात लागत नाही,” काकू म्हणाल्या. वायफायच्या लहरींना दगडी भिंत जड जाते आणि पत्रा तर त्यांना परतवूनच लावतो. मी बसले होते पडवीत. केबलवाल्याच्या माणसाकडून लांब लॅन केबल उसनी आणली, राऊटरला थेट जोडली. स्पीड ९०० केबी. म्हणजे सातपटीहून जास्त फरक, आणि त्यात इंटरनेट कंपनीचा काडीचाही दोष नव्हता. दोष कोठीचा होता.

प्रयोग दुसरा, कनेक्शनची संख्या. हॉस्टेलमध्ये एका सीनियरने सांगितलेलं, “कनेक्शन पाचशे करून ठेव, रॉकेट होईल.” ते तसंच होतं. पण घरातला स्वस्त राऊटर बिचारा एवढाल्या जोडण्यांची नोंद ठेवता ठेवता दमतो. मध्येच नेट बंद पडायचं, काकांचा फोनवरचा व्हिडिओसुद्धा अडकायचा. शंभरवर आणलं. गाडी दोन एमबीपर्यंत गेली आणि अडकणं थांबलं.

प्रयोग तिसरा, अपलोड. इथे जरा दमाने वाचा, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. डाऊनलोड करताना आपल्यालाही सतत काहीतरी वर पाठवावं लागतं. प्रत्येक तुकडा आला की ‘मिळाला’ अशी पावती जाते. अपलोड पूर्ण मोकळा सोडला आणि ती वाट गच्च भरली तर या पावत्याही रांगेत अडकतात, पावती उशिरा पोहोचली की समोरचा पुढचा माल हळू पाठवतो, आणि डाऊनलोड रेंगाळतो. मामाच्या एडीएसएलवर तर वर जायची वाट खाली यायच्या वाटेपेक्षा कितीतरी अरुंद असायची, म्हणून हा त्रास फार. त्यावर जुना तोडगा असा की अपलोड आपल्या क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास ठेवायचा.

माझा अपलोड किती होता? एक केबी. तोसुद्धा हॉस्टेलचाच सल्ला : “आपण कशाला द्यायचं? बंद करता येत नाही म्हणून एक ठेव.” मी तो वाढवला आणि स्पीड किती वाढतो ते बघत बसले. काही वाढला नाही! मिंटचे सीड त्या दिवशी शेकड्यांनी होते. सीड म्हणजे ज्याच्याकडे पूर्ण फाइल आहे आणि तरीही जो वाटत बसलाय असा माणूस. त्याला आपल्याकडून काहीच नको असतं. एवढे दाते असतील तर कंजूष माणसाचंही भागतं. मला खरं सांगायचं तर बरंच वाटलं. म्हणजे एक केबी काही चूक नव्हती तर!

रात्री साडेनऊला मात्र स्पीड पुन्हा घसरला. अख्ख्या गावाची मोबाईल-टीव्हीची वेळ, आणि एका भागातली सगळी घरं पुढे एकाच जाड वाटेने जातात. अकरानंतर पुन्हा चढला. साडेअकराला लाईट गेली. मी कपाळावर हात मारला, पण सकाळी लाईट आल्यावर टोरेंट जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू! फाइलचे छोटे छोटे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याची खूण आधीच नोंदवलेली असते, त्यामुळे जो तुकडा नीट आलाय तो वाया जात नाही. ब्रॅम कोहेनने २००१ साली बिटटोरेंट लिहिलं तेव्हा त्याच्यासमोर काही डोळखांबची लाईट नसणार, पण सोय मात्र आमचीच झाली. साडेसात वाजता मिंट पूर्ण झालं. हुश्श!

मग विकिपीडिया लावला, आणि इथे माझी ऐट उतरली.

मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. लाखाच्या आसपास लेख. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले लोक आठ कोटी तीस लाख. मी यादी उघडली. मिंटला शेकडो सीड, आणि इथे त्या सकाळी मोजायला एका हाताची बोटं उरली. किविक्सच्या टोरेंटमध्ये त्यांच्या सर्व्हरचेही पत्ते दिलेले असतात, त्यामुळे काम अडत नाही, फाइल येते. पण सर्व्हर सोडून माणसं किती, हे मला दिसत होतं. आठ कोटी तीस लाखांपैकी तीन! चौथी मी, तीही एक केबी अपलोडवाली. (काल वाढवलेला आकडा ‘उपयोग नाही’ म्हणून मी रात्री पुन्हा एकवर आणून ठेवला होता.)

दाते कमी असले की टोरेंटचं दुसरं गणित सुरू होतं. ज्यांची फाइल अजून अर्धवट आहे ते आपापल्यात तुकड्यांची देवाणघेवाण करतात, आणि तिथे नियम आहे जशास तसे. मूळ पद्धतीत तुमचा प्रोग्रॅम दर दहा सेकंदांनी बघतो की आपल्याला सगळ्यात जास्त कोण देतंय, आणि अशा चौघांना आपला माल देतो. बाकीच्यांना दार बंद. मात्र दर तीस सेकंदांनी एका कुणालातरी, त्याने काही दिलेलं नसलं तरी, एक संधी मिळते. नवीन माणसाकडे सुरुवातीला द्यायला काहीच नसतं, त्याला कुठून तरी पहिला तुकडा मिळायला हवा ना! शिवाय जो तुकडा सगळ्यात कमी लोकांकडे आहे तो आधी उचलायचा असाही नियम आहे, म्हणजे एखादा माणूस निघून गेला तरी त्याच्याबरोबर तो तुकडा कायमचा जात नाही.

मी अपलोड पुन्हा वाढवला. पण माझ्याकडून घ्यायला कुणी येईचना! राऊटर उघडून पाहिलं. बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होणारा आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला. ओळखलं. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण साधारण ४३० कोटी, आणि त्यांचा मुख्य साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. म्हणून कंपन्या अनेक घरांना मिळून बाहेर एकच पत्ता दाखवतात. आपल्या गर्ल्स हॉस्टेलसारखंच हे. आतून बाहेर जाता येतं, पण बाहेरून कोणी गेटवर आलं आणि खोली नंबर सांगू शकलं नाही तर वॉचमनकाका त्याला परत पाठवतात. मी दुसऱ्याला हाक मारू शकते, दुसरा मला मारू शकत नाही. आणि दोघंही अशाच हॉस्टेलमध्ये असतील तर भेट होणं मुश्कील. टोरेंटच्या सेटिंगमध्ये पोर्ट उघडण्याचे जे उपाय आपण एकमेकांना सांगतो ते इथे चालत नाहीत, कारण गेट आपल्या राऊटरचं नसून कंपनीचं असतं. कंपनी आयपीव्ही६ देत असेल तर प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळतो आणि मोठी अडचण सुटते. आमच्या राऊटरमध्ये ते होतं, फक्त बंद होतं. केबलवाल्याला फोन करून चालू करून घेतलं.

हे सगळं चालू असताना माजघरात आजोबांनी कोठी उघडली. पेरणीचे दिवस. शेजारचे एक काका बियाणं न्यायला आले होते. आजोबांनी पायलीने भात मोजून दिलं. मी केबल पायात येऊ नये म्हणून बाजूला धरून उभी होते.

“काय गं बाय, दोन दिवस काय मोजतेस त्यात?”

आता यांना टोरेंट कसं सांगायचं? मी म्हटलं, “आजोबा, ते सीड... म्हणजे ज्याच्याकडे पूर्ण फाइल असते ना...” आणि अडकले. सीडला मराठीत काय म्हणायचं? दोन दिवस तो शब्द शंभर वेळा वाचला होता मी. समोर पायलीभर घेऊन माणूस उभा होता आणि मला शब्द सुचत नव्हता!

“बी,” धाकटा चुलतभाऊ म्हणाला. तो सहावीत आहे. “सीड म्हणजे बी.”

मग मी बी म्हणून सांगितलं आणि आजोबांना पाच मिनिटांत सगळं समजलं. मलाच वाटतं त्या दिवशी नीट समजलं. ते म्हणाले, पूर्वी बी नेलं की सुगीला सवाईनं परत द्यायचं. एक मण नेलं तर सव्वा मण. “आणि कुणी नाहीच दिलं तर?” मी विचारलं. “एकानं नाही दिलं तर चालून जातं. सगळ्यांनी तसंच केलं तर पुढच्या सालाला कोठीत काय?”

टोरेंटमध्ये एक आकडा असतो, दिलेलं भागिले घेतलेलं. सज्जन माणसाने तो निदान एक होईपर्यंत तरी फाइल चालू ठेवावी असा शिरस्ता आहे. आमच्या गावचा आकडा सव्वा होता. माझा त्या क्षणी पडद्यावर दिसत होता, शून्य पूर्णांक शून्य शून्य.

त्या शून्याकडे बघताना मला नको नको ते आठवत गेलं. तांदूळ, आंबे, पापड. वर्षातून दोनदा येणारी आमची गाडी. आमच्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. येताना एसटीतून मी तो टँकर पाहिला होता आणि खिडकीतून फोटोही काढला होता. देणाऱ्याचं देणं चालू राहतं म्हणून घेणाऱ्याला ते दिसत नाही. मिंटवर मला तरी कुठे दिसलं होतं!

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. पेनड्राइव्हवरून आठही मशीनवर मिंट टाकलं. विकिपीडियाची फाइल एका मशीनवर टाकली आणि बाकीची सात एका स्विचवर जोडून टोरेंट लावलं. बाहेर इंटरनेट नाही, काही नाही. एकाकडचे तुकडे दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडचे तिसऱ्याकडे. पेनड्राइव्हनेही झालं असतं, पण पोरांना दाखवायचं होतं. प्रत्येक पडद्यावर पट्टी भरत होती आणि पोरं ओरडत होती, “माझ्याकडनं त्याला चाललंय!” डाऊनलोड बघून आरडाओरडा करणारी माणसं मी हॉस्टेलमध्ये खूप पाहिली आहेत. अपलोड बघून ओरडणारी पहिल्यांदाच पाहिली.

एका मुलीने ‘बिबट्या’ टाइप केलं. आमच्याकडे तो पुस्तकातला प्राणी नाही. पान उघडलं. हेडमास्तर म्हणाले, “ताई, तुम्ही वाचून दाखवा सगळ्यांना.” मी वाचायला लागले. दुसऱ्याच ओळीत एका जोडाक्षराला अडखळले, मग पुन्हा एकदा. ती मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिसऱ्यांदा अडखळले तेव्हा तिने हळूच स्क्रीनवर बोट ठेवलं आणि पुढचं स्वतः वाचायला सुरुवात केली, घडाघडा. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

परत येताना आसनगावच्या प्लॅटफॉर्मवर मी विचार करत होते की आठ कोटी तीस लाखांत तीनच का, म्हणून त्या सकाळी मी किती तावातावाने बोलले होते. पण मी स्वतः मराठीत आजवर काय दिलं? दहावीच्या पेपरनंतर एक ओळ लिहिलेली नाही. केकच्या दंडाचे पैसे तेवढे दिले.

असो. तर सांगायचा मुद्दा असा. घरी स्पीड मिळत नसेल तर आधी आठने भागा. मग राऊटर कोठीमागून, कपाटामागून बाहेर काढा, जमलं तर केबल लावा. कनेक्शन शंभरच्या आसपास ठेवा. अपलोड गच्च भरू देऊ नका, पण एकवरही ठेवू नका. पत्ता १०० ने सुरू होतो का बघा, आयपीव्ही६ चालू करून घ्या. रात्री साडेनऊला कंपनीला शिव्या देण्याआधी गाव झोपेपर्यंत थांबा. एवढं करूनही फाइल रेंगाळत असेल, तर त्या फाइलला मुळात बी ठेवणारेच कमी आहेत असं समजा. त्यावर सेटिंगमध्ये उपाय नाही.

माझ्या घरच्या जुन्या लॅपटॉपवर मराठी विकिपीडियाची ती फाइल आता कल्याणला रात्रंदिवस चालू असते. वीजबिलावरून आई ओरडते. कालपर्यंत आकडा ०.८ झाला होता. सव्वा झाल्याशिवाय बंद करणार नाही, आणि तेव्हाही करीन असं वाटत नाही.

आणि नोटीस बोर्डावरची ती नोटीस मी मेसहून परत येताना पुन्हा वाचली. त्यातही मी दोनदा अडखळले. पण शेवटची तारीख अजून गेली नव्हती.